बघू तरी म्हणणाऱ्या तांबोळी बाई

आमच्या शाळेतला टीव्ही दोन वर्षं कुलपात होता आणि त्या कुलपाची किल्ली माझ्या खिशात असायची. तांबोळी बाईंची आणि माझी पहिली खडाजंगी झाली ती त्या किल्लीवरून.

उंब्रजपासून आत आठ किलोमीटरवर आमची वाडी. चहूकडं ऊस, आणि घरटी एखादा माणूस फौजेत नाहीतर मुंबईत. जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा, पाच खोल्या, चार शिक्षक. मी त्यांतला एक, आणि नोकरीनं सगळ्यांत जुना म्हणून प्रभारी मुख्याध्यापक. गावातल्या मुंबईकर मंडळींनी शाळेला भला मोठा टीव्ही भेट दिला, नारळ फुटला, फोटो निघाले, आणि पाहुण्यांच्या गाड्या वळणाआड जाताच मी त्यावर चादर टाकून मागच्या खोलीला कुलूप घातलं. मुलं धक्का मारतील, वीज कमी-जास्त होईल, उंदीर वायर कुरतडतील. माझ्याकडं कारणांना तोटा नव्हता.

तांबोळी बाई बदलून आल्या त्या जून महिन्यात. वय पन्नाशीच्या अलीकडं, अंगानं किरकोळ, डोक्यावरून घेतलेला पदर आणि त्या पदरावर चढवलेला चष्मा. स्कूटरच्या पुढच्या जागेत एक खाकी पिशवी. रुजू होऊन तासभर झाला नसेल, तोवर त्यांनी सगळी शाळा फिरून पाहिली आणि त्या बंद दारापाशी थांबल्या.

"सर, ह्या खोलीत काय आहे?"

"टीव्ही."

"बिघडलाय?"

"छे! अगदी कोरा आहे."

"मग दोन वर्षं आत काय करतोय तो?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. मी म्हटलं, "बाई, मुलांनी फोडला तर जबाबदार कोण?"

"मी. कागद द्या, लिहून देते."

त्यांनी खरंच लिहून दिलं. अक्षर मोत्यासारखं. 'सदर टीव्ही वापरताना फुटल्यास मी जबाबदार राहीन. न वापरता जुना झाल्यास मुख्याध्यापक जबाबदार राहतील.' खाली स्वतःची सही केली आणि शेजारी माझ्या सहीसाठी जागा सोडून कागद माझ्यापुढं सरकवला. मी सही केली नाही. किल्ली देऊन टाकली.

त्या दिवशी संध्याकाळी घरी जाताना मला वाटलं होतं, महिनाभराचा उत्साह आहे, ओसरेल. मी नोकरीत असे पुष्कळ उत्साह पाहिले होते. हा सहा वर्षं ओसरला नाही.

बाईंच्या वडिलांचं कराडात पानाचं दुकान होतं. लहानपणी त्या शाळा सुटली की दुकानात बसायच्या आणि गिऱ्हाइकांची बोलणी ऐकायच्या. "माझं अर्धं मराठी पुस्तकातलं आणि अर्धं पानटपरीवरचं," असं त्या अभिमानानं सांगत. दचकल्या की "अगं बाई!" म्हणायच्या. चिडल्या की मुलांना कळू नये म्हणून घरच्या दख्खनी उर्दूत बोलायच्या, पण वर्षभरात मुलांना दख्खनीही कळायला लागली आणि ती सोय गेली. चहा त्यांना फार आवडायचा, पण गरम चहा त्यांनी शाळेत कधी प्यायलेला मला आठवत नाही. कप तोंडापर्यंत नेईपर्यंत कुणीतरी वही नाहीतर मोबाइल घेऊन यायचं. सगळे पासवर्ड तळहाताच्या मागं पेनानं लिहिलेले असायचे आणि भाकरी थापताना पुसून जायचे. मग दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेचा संगणक उघडायचा नाही आणि बाई कपाळावर हात मारायच्या.

त्यांच्या तोंडचा एक शब्द मात्र गावभर झाला. 'बघू तरी.' संगणक सुरू होईना, "बघू तरी." नवीन ॲप आलंय, कसं चालतं कुणालाच ठाऊक नाही, "बघू तरी." मुलगा म्हणतोय, बाई, मातीची बैलं हळूहळू सरकवत फोटो काढले तर ती चालल्यासारखी दिसतील का, "बघू तरी." ती बैलं खरंच चालली. दीडशे फोटो, एक मिनिटाची फिल्म, त्यात एक बैल मधेच उलटा चालतो. बाईंनी तो उलटा बैल काढून टाकू दिला नाही. म्हणाल्या, "त्याचं घरी काहीतरी विसरलं असेल."

त्यांना यंत्रातलं सगळं कळत होतं असा कुणाचा समज होऊ नये. आमच्या सातवीतल्या मुलांना त्यांच्यापेक्षा जास्त कळायचं. पण बाई न लाजता विचारायच्या, आणि मुलगा सांगायला लागला की वहीत लिहून घ्यायच्या. बाई आपलं बोलणं लिहून घेतायत म्हटल्यावर तो मुलगा आठ दिवस छाती काढून चालायचा.

आता त्यांची चूक सांगतो. ती सांगितली नाही तर त्या मला बोलतील.

ओंकार नावाचा सहावीतला मुलगा नकला भारी करायचा. त्याचे आजोबा फौजेतून निवृत्त झालेले, गाव त्यांना सुभेदार म्हणायचं. सुभेदारांना घरच्या म्हशीशीही फौजी हिंदीत बोलायची सवय. "आगे बढ! दाहिने मुड! थम!" म्हैस आपल्या गतीनं चालायची. ओंकारनं वर्गात आजोबांची नक्कल केली. काठी बगलेत, मान ताठ, मिशीवर बोट. आम्ही पोट धरून हसलो. बाईंनी त्याचा व्हिडिओ काढला आणि कौतुकानं इंटरनेटवर टाकला. खाली लिहिलं, 'आमच्या शाळेचा कलाकार.'

दोन दिवसांत तो कुठल्या कुठं गेला. मोबाइलच्या गटागटांवर फिरला. उंब्रजच्या बाजारात पोरं सुभेदारांना बघून टाचा जुळवून ओरडायला लागली, "म्हैस, सावधान!" चहाच्या टपरीवर बसलेली माणसं तोंड फिरवून हसायची. म्हातारा बाजारात जायचा बंद झाला. मग टपरीवर. मग देवळातही. आणि ओंकार शाळेत यायचा बंद झाला.

बाईंना कारण कळलं त्या दिवशी त्यांनी आधी तो व्हिडिओ काढून टाकला. पण तोवर तो शंभर फोनांत होता. "सर, माझ्यासोबत चला," म्हणाल्या. मी म्हटलं, "चार दिवस जाऊ द्या बाई. लोक विसरतात." त्या म्हणाल्या, "लोक विसरतील. सुभेदार विसरतील का?"

सुभेदार ओसरीवर बसले होते. ओंकार आतल्या दारामागं. बाईंना कुणी बस म्हटलं नाही. त्या अंगणातच उभ्या राहिल्या.

"आबा, पोरानं काही वाईट केलं नाही. त्यानं वर्गात नक्कल केली. वर्गातली गोष्ट मी जगात नेली. तुम्हांला विचारलं नाही, त्यालाही विचारलं नाही. चूक माझी आहे."

सुभेदारांचं बोट सवयीनं मिशीकडं गेलं आणि मधेच थांबलं. मग म्हणाले, "बाई, बर्फात ऱ्हायलोय मी. गोळ्या चुकवल्यात. कवा कुनी हासलं न्हाई मला. आन् हितं, माझ्या गावात, म्हशीपायी हसं झालं माझं."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण त्यांनी मान खाली घातली नाही. "सांगा, मी काय करू?"

"फौजेत येक कायदा हाय," सुभेदार म्हणाले. "गुन्हा जितं झाला, तितंच शिक्षा. समद्या पलटनीपुढं."

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर सगळी शाळा ओळीत उभी असताना बाईंनी माइक हातात घेतला. सुभेदार फाटकापाशी येऊन उभे होते, इस्त्रीचा सदरा घालून. गावातली टपरीवरची चार माणसंही कुंपणाला टेकली होती. बाईंनी सगळं सांगितलं, काय टाकलं, का टाकलं, त्याचं काय झालं. "मी शिक्षिका आहे, तरी मला एवढं कळलं नाही," असं सांगून त्यांनी ओंकारची माफी मागितली, मग आजोबांची. पहिलीतली मुलं तोंडं उघडी टाकून बघत होती. मोठं माणूस लहानाची माफी मागतं, हे त्यांनी कधी पाहिलं नसावं. खरं सांगायचं तर मीही पाहिलं नव्हतं.

सुभेदार फाटकातून आत आले. बाईंपुढं उभे राहून एक कडक सलाम ठोकला आणि मागं वळून कुंपणावरच्या मंडळींना म्हणाले, "आता तुमीबी या की आत. तुमचीबी शिक्षा बाकी हाय." मंडळी पांगली. त्यानंतर टपरीवर कुणी हसल्याचं मी ऐकलं नाही.

त्या दिवसापासून बाईंनी एक वही सुरू केली. कुणाचा चेहरा किंवा आवाज शाळेबाहेर जायचा असेल तर त्या माणसानं आधी वहीत हो म्हणायचं. पहिलीतल्या मुलालासुद्धा विचारायचं, आणि तो नाही म्हणाला तर विषय संपला. तालुक्याहून आलेले एक साहेब एकदा म्हणाले, "मॅडम, एवढं छान काम करता, फोटो का टाकत नाही? बाकीच्या शाळा रोज टाकतात." बाई म्हणाल्या, "साहेब, मुलांचं मुलांपाशी राहू दे. तुम्ही इथं येऊन बघा, कितीही वेळ बघा." साहेबांना ते फारसं रुचलं नाही. त्या वर्षी उपक्रमशील शाळांच्या यादीत आमचं नाव नव्हतं. मला वाईट वाटलं. बाई यादी आली त्या दिवशी मुलांना घेऊन साबणाच्या फेसाचा आवाज कसा काढायचा, या खटपटीत होत्या.

कारण तोवर कोमलचं पुस्तक सुरू झालं होतं.

कोमल चौथीतली. जन्मापासून दृष्टी नाही. तालुक्याहून एक शिक्षक पंधरवड्यातून एकदा येऊन तिला ब्रेल शिकवायचे, पण बोटांना अजून वेग नव्हता. बाकीचे दिवस ती मागच्या भिंतीला टेकून बसायची. आम्ही तिला दर वर्षी वर ढकलत होतो. दिवाळीच्या आधी तिचे वडील शाळेत येऊन म्हणाले, "चौथी झाली की बास, सर. आंधळ्या पोरीला पुस्तकाचा काय उपेग? घरी आईसंगट ऱ्हाईल."

मी काय बोलावं या विचारात होतो. बाई म्हणाल्या, "परीक्षेपर्यंत थांबा. मग तुम्ही म्हणाल तसं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या मुलांना जमवलं आणि विचारलं, "कोमलला पुस्तक ऐकायला करून द्यायचं. जमेल?" बाईंचाच शब्द मुलांनी बाईंना परत दिला, "बघू तरी!"

पहिला धडा भर वर्गात रेकॉर्ड केला. ऐकला तेव्हा धड्यापेक्षा रस्त्यावरून जाणारा उसाचा ट्रॅक्टर आणि त्याच्यावरची गाणीच जास्त. मग मागची खोली, जिथं टीव्ही कोंडला होता ती, रिकामी केली. मुलांनी घरोघरच्या जुन्या गोधड्या आणून भिंतींना टांगल्या. आत गेलं की कानांना दडे बसल्यासारखी शांतता. तिला मुलांनी 'गपगार खोली' नाव दिलं.

मग आवाज शोधायची साथच आली. सुपात तांदूळ घोळवले की पाऊस. बिस्किटाच्या पुड्याचा कागद चुरगळला की पेटलेला जाळ. करवंट्यांचा घोडा. एका मुलीनं ओल्या छत्रीची उघडझाप करून घारीचे पंख काढले. ते ऐकून बाई खुर्चीतून उठल्या आणि तिच्या पाठीवर थाप मारली. एका धड्यात किल्ल्यावरचा पहारेकरी होता. त्याचा आवाज कुणाला जमेना. ओंकार म्हणाला, "आमच्या आबास्नी बोलवू का?" सुभेदार आले, वहीत ऐटीत सही केली, गपगार खोलीत शिरले आणि गरजले, "कोण आहे तिकडे?" गोधड्या असूनही पलीकडच्या वर्गातली पोरं उठून उभी राहिली.

पहिले तीन धडे झाले तेव्हा बाईंनी ते कोमलला ऐकवले. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडं बघत बसलो. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "बाई, ह्यो धडा अर्धाच हाय."

"पूर्ण आहे की गं. एक ओळ सोडली नाही."

"मग वर्गात ह्यो धडा चालल्यावर समदी मधीच का हासत्यात? पुस्तकात कायतरी बगून हासत्यात. ते कुटं हाय ह्यात?"

ते चित्र होतं. चित्र कुणी वाचलंच नव्हतं.

बाई म्हणाल्या, "ओंकार, चित्र वाच."

ओंकारनं पुढच्या धड्याचं पान उघडलं. "येक झाड हाय. झाडाखाली येक बाई हाय. डोक्याव घागर हाय. झालं."

"झाड कशाचं?" कोमलनं विचारलं.

"असंल कशाचंतरी."

"पानं कशी हायती?"

ओंकार वाकून बघायला लागला. "बारीक हायती. बाभूळ असंल."

"बाई म्हातारी हाय का तरणी?"

"मधली."

"तिच्या पायात काय हाय?"

ओंकार आणखी वाकला. बाकीची पोरंही त्याच्या खांद्यावरून वाकली. "पायात... काय न्हाई."

"मग तिला बाभळीचं काटं लागत असतील," कोमल म्हणाली.

ते पुस्तक मी चार वर्षं शिकवत होतो. त्या चित्रातली बाई अनवाणी आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर कोमल भिंतीपासून उठली ती उठलीच. रेकॉर्डिंगला कुणाचं काय चुकलं ते तीच सांगायची. "वारा लय जोरात झाला, बोलनं ऐकू येत न्हाई." "ह्यो आनंदानं म्हन, रडल्यागत कशापायी म्हनतोस?" मुलं कुरकुरायची आणि पुन्हा करायची. चित्रं वाचायला तर पोरांत भांडणं लागली. ज्या मुलाला दोन ओळींचा निबंध लिहिताना घाम फुटायचा, तो एका चित्राबद्दल पाच मिनिटं बोलायचा, कारण ऐकणारी कोमल होती आणि ती सोडणारी नव्हती.

मार्चमध्ये आम्ही पालकांना बोलावलं. टीव्हीच्या पडद्यावर काहीच नव्हतं, नुसता काळा. बाईंनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं. गावच्या माणसांना हे जरा चमत्कारिक वाटलं, पण सुभेदारांनी पहिल्या रांगेत डोळे मिटले, तेव्हा सगळ्यांनी मिटले. धडा सुरू झाला. पाऊस, घोडा, घारीचे पंख, आणि मधे मधे कोमलच्या आवाजात चित्रं. मुलांनी तिला सांगितलेली, तिनं आपल्या शब्दांत केलेली. मी मुख्याध्यापक असल्यामुळं एक डोळा किलकिला ठेवला होता. कोमलचे वडील शेवटच्या रांगेत उभे होते. त्यांनी डोळे गच्च मिटले होते, आणि धडा संपून टाळ्या झाल्या तरी उघडले नाहीत.

सगळे गेल्यावर ते बाईंकडं आले. टोपी हातात. "बाई, पाचवीचं पुस्तक कवा करनार?"

बाई म्हणाल्या, "कोमलला विचारा. साहेब तीच आहे."

याच्या तीनेक वर्षांनंतरची गोष्ट. फोनला काही विचारलं की तो निबंधही लिहून देतो, हे तोवर आमच्या वाडीलाही कळलं होतं. बाईंनी सातवीला 'माझी आई' हा निबंध घरून लिहून आणायला सांगितला. वह्या आल्या. अठरांपैकी चौदा आया एकसारख्या. सगळ्या 'प्रेमाची मूर्ती', सगळ्या 'पहाटे उठून देवपूजा' करणाऱ्या, सगळ्यांचे हात 'मऊ आणि उबदार', आणि एकही 'कधी रागावत नाही'.

मी संतापलो. म्हटलं, "बाई, हे तुमच्या यंत्रांचं फळ. उद्यापासून शाळेत फोनचं नाव नको."

बाई वह्या वाचता वाचता हसत होत्या. "सर, फोनवर कशाला चिडता? त्यानं कुणाची आई बघितलीच नाही. बघितलेल्यांना विचारू."

त्यांनी वर्गात एक शब्द बोलून दाखवला नाही. प्रत्येकाला एक लाल पेन दिलं आणि सांगितलं, "आज घरी जाऊन निबंध आईला वाचून दाखवायचा. चुका आईनं काढायच्या. आई लिहिणार नसेल तर ती सांगेल तशी तुम्ही लाल रेघ मारा."

दुसऱ्या दिवशी त्या वह्या मी स्वतः बसून वाचल्या. एकीनं 'देवपूजा' खोडून लिहिलं होतं, 'आदी धार काडती. देव मंग.' एकीनं 'कधी रागावत नाही' याच्यापुढं नुसतं 'खोटं' लिहून दोनदा अधोरेखित केलं होतं. 'मऊ हात' तर बहुतेक वह्यांत लाल झाले होते. एका मुलाची आई सुमन, उसाच्या भांगलणीला, तण खुरपायला जाणारी, तिनं मुलाकडून लिहून घेतलं होतं, 'माझे हात मऊ न्हाईत. पाचटानं कापल्यात. हात लावून बग आन् मग लिव्ह.' खाली मुलाच्या अक्षरात होतं, 'मी हात लावून बघितला.' आणि पुढं त्यानं दीड पान लिहिलं होतं, जे कुठल्याही फोनला लिहिता आलं नसतं.

तीच सुमन दोन दिवसांनी कामावरून येता येता शाळेत आली, खुरपं पाटीत ठेवून. "बाई, माझं अजून ऱ्हायलंय," म्हणाली. "पोरगं लिवताना दमलं."

बाईंनी फोन तिच्यापुढं धरला. "ह्याच्यात बोला. तो लिहील."

सुमन लाजली, मग बोलायला लागली. पडद्यावर अक्षरं उमटत गेली. ती चौथीपर्यंत शिकलेली, सावकाश वाचायची. वाचता वाचता थांबली. "आवं बाई, मी 'न्हाई' म्हनली, ह्यो 'नाही' लिवतोय. मी 'हाय' म्हनली, ह्येनं 'आहे' केलं. माझं बोलनं सुदारतोय व्हय ह्यो?"

"हो. त्याला तुमचं बोलणं येत नाही अजून."

"मग शिकवा की त्येला."

त्यातून मुलांनी आमच्या भागातल्या शब्दांचा बोलका कोश केला. शब्द, त्याचा अर्थ, आणि तो शब्द वापरून गावातल्या कुणाचं तरी एक वाक्य, त्याच माणसाच्या आवाजात. बायकाच जास्त आल्या. भांगलणीहून परतताना फाटकापाशी थांबून, "माझा येक शबुद घ्या," म्हणायच्या. बाई वही पुढं करायच्या, त्या हो म्हणून सही करायच्या, काही जणी कितीतरी वर्षांनी सही करत होत्या. मी शाळेचं फाटक सहा वाजता बंद करायचो, ते त्या काळात सात वाजेपर्यंत उघडं ठेवायला लागलो. कुणी मला सांगितलं नव्हतं.

बाईंची बदली झाली ती त्यांनीच मागून घेतली होती. मिरजेला त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या आणि सांगली जिल्ह्यात जायला हवं होतं. ऑनलाइन यादीत त्यांना मिळाली ती जत तालुक्यातली, अगदी कर्नाटकाच्या सीमेवरची शाळा. मिरजेहून ती काही जवळ नाही. आम्ही हळहळलो. बाईंनी नकाशा उघडून रस्ता पाहिला आणि म्हणाल्या, "निदान जिल्हा तरी एक झाला." निरोपाच्या दिवशी कोमल, तेव्हा उंब्रजच्या हायस्कूलला जायला लागलेली, त्यांच्याजवळ बसून होती. दोघी काय बोलल्या मला ठाऊक नाही. मला त्या एवढंच म्हणाल्या, "सर, मुलं काही मागायला आली तर आधी कारण विचारू नका. आधी द्या, मग विचारा." मी बरं म्हटलं. पुष्कळदा मला ते जमतं, काही वेळा जमत नाही.

गेल्या वर्षी जतला एका लग्नाला गेलो होतो. अक्षता दुपारच्या होत्या, सकाळ मोकळी होती. विचारत विचारत बाईंच्या शाळेत पोचलो. उघडं माळरान, दूर पवनचक्क्या, दोन खोल्यांची शाळा, दारात एक कडुलिंब. पटांगणात कुणी नव्हतं. मी पहिल्या खोलीच्या दाराशी गेलो आणि तिथंच थांबलो.

बाई जमिनीवर सतरंजीवर बसल्या होत्या, पहिली-दुसरीच्या मुलांच्या रांगेत, मांडी घालून. केस बरेच पांढरे झालेले. मांडीवर उघडी वही. फळ्यापाशी सात-आठ वर्षांची एक मुलगी छडीसारखी पट्टी धरून उभी होती. तिच्या शेजारी खुर्चीवर तास रेकॉर्ड करायला एक टॅब उभा करून ठेवलेला. त्या भागात मुलांच्या घरी कानडी. पहिलीला येतात तेव्हा त्यांना मराठी समजत नाही, आणि बाईंना कानडी येत नव्हती.

मुलगी एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "ननग... गोत्तिल्ल."

बाई म्हणाल्या, "ननग गोतिल."

सगळा वर्ग खदखदून हसला. बाईही हसल्या. मुलगी हसली नाही. तिनं पट्टी फळ्यावर आपटली, जवळ आली, बाईंच्या तोंडासमोर वाकली आणि जीभ दातांमागं कशी लावायची ते दाखवलं. बाईंनी आज्ञाधारकपणे तोंड उघडून तशी जीभ लावून पाहिली.

मी पुढं पाऊल टाकलं तेव्हा त्या मुलीचं माझ्याकडं लक्ष गेलं. तिनं पट्टीनंच मला थांबवलं.

"भाईर थांबा," ती मोडक्या मराठीत म्हणाली. "तास चालू हाय."

मी दबक्या आवाजात विचारलं, "बाई काय शिकतायत?"

"'मला म्हाईत न्हाई' म्हनायला," ती म्हणाली, आणि पुन्हा बाईंकडं वळली.

मी लिंबाखाली जाऊन बसलो. आतून बाईंचा आवाज येत होता, मोठा आणि खणखणीत. एकदा चुकला, दुसऱ्यांदा चुकला. तिसऱ्यांदा सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या.